ठिणगी, रॉकेल आणि गंज : छोट्या इंजिनांचा एक इतिहास



बॉशचं बोधचिन्ह तुम्ही सगळ्यांनी हजार वेळा पाहिलं असेल. वर्तुळ आणि त्यात इंग्रजी एचसारखी एक आकृती. ती आकृती म्हणजे नक्की काय, हे मात्र इथे नोकरी करणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच माहीत असतं. तो मॅग्नेटोचा आर्मेचर आहे. पेट्रोल इंजिनाला बॅटरीशिवाय ठिणगी देणारं जे छोटं यंत्र, त्याच्या पोटात फिरणारा लोखंडी गाभा. १९१८ साली गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरने हे चिन्ह काढलं. कंपनी पुढे कितीही मोठी झाली, तरी कपाळावर टिळा राहिला तो त्या ठिणगीचाच.

मी गेर्लिंगेनला राहतो. स्टुटगार्टच्या पश्चिमेला, यू-६ ट्रामच्या शेवटच्या टोकाचं हे गाव. वरच्या टेकडीला शिलरहोए म्हणतात. कवी शिलरचे वडील जवळच्या सॉलिट्यूड राजवाड्याच्या बागांचे प्रमुख होते आणि त्यांचं दफन गेर्लिंगेनलाच झालं. त्याच टेकडीवर १९७० पासून बॉशचं मुख्यालय आहे. आमच्या घराच्या तळघरात जुनी छोटी पेट्रोल इंजिनं आणि हातात उचलून नेता येतील असे जनरेटर मांडून ठेवलेत. बायको त्याला 'भंगारखाना' म्हणते आणि तिचं अगदीच चूक आहे असं नाही :-) पण या भंगारातून एक इतिहास दिसतो. त्याचं एक टोक इथे आहे आणि दुसरं आपल्याकडे, सातारा-कोल्हापूर-नाशिकला. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

आधी छोटं इंजिन आलं कुठून ते पाहू. निकोलाउस ऑटोने १८७६ साली ड्यूट्झच्या कारखान्यात चार-स्ट्रोक इंजिन यशस्वी केलं. ते इंजिन म्हणजे एक धूडच होतं. शहरातल्या गॅसच्या नळीला जोडलेलं, फरशीत पक्कं रोवलेलं आणि मिनिटाला जेमतेम दीड-दोनशे फेरे घेणारं. कारखान्यात ठीक, पण उचलून कुठे न्यायचं तर अशक्य. याच ड्यूट्झमध्ये काम केलेले गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख बाहेर पडून कानस्टाटला आले. डाइमलरच्या बंगल्याच्या बागेत काचेचं एक घर होतं, तिथे दोघांनी गुपचूप काम सुरू केलं. रात्री-अपरात्री हातोड्यांचे आवाज ऐकून माळ्याला वाटलं की इथे खोटी नाणी पाडतात, आणि त्याने पोलिसांना खबर दिली, अशी गोष्ट सांगतात. पोलिसांना तिथे फक्त इंजिनाचे भाग सापडले.

१८८५ साली त्या बागेतून जे बाहेर आलं ते उभं, आटोपशीर इंजिन. दिसायला जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं, म्हणून त्याला लोक 'उभं घड्याळ' म्हणू लागले. त्याचे फेरे होते मिनिटाला ६०० च्या आसपास. सगळी गंमत इथेच आहे. इंजिनाची ताकद एका स्फोटातून किती जोर मिळतो आणि मिनिटात किती स्फोट होतात, या दोहोंवर ठरते. फेरे वाढवले की तेवढ्याच ताकदीचं इंजिन लहान आणि हलकं करता येतं. त्याच वर्षी त्यांनी २६४ सीसीचं, अर्ध्या हॉर्सपॉवरचं इंजिन लाकडी दुचाकीवर बसवलं. पुढच्या तीन-चार वर्षांत अशी इंजिनं होडीत, आगीच्या बंबावर आणि १८८८ साली चक्क हवेतल्या बलूनवरही गेली. आपल्या फवारणी पंपापासून गणपतीच्या मांडवामागे धडधडणाऱ्या जनरेटरपर्यंत सगळ्यांचं कूळ त्या बागेशी जाऊन भिडतं. ते काचघर आजही बाड कानस्टाटच्या बागेत उभं आहे. स्टुटगार्टला आलात तर मोठ्या चकचकीत म्युझियमच्या आधी तिथे जा.

डाइमलरच्या इंजिनात एक अडचण मात्र होती, पेटवण्याची. बर्नरने लालभडक तापवलेली एक नळी सिलिंडरमध्ये शिरलेली असायची, तिच्यामुळे मिश्रण पेटायचं. म्हणजे पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर उघडी ज्योत! शिवाय स्फोट नेमका केव्हा व्हावा यावर ताबा नाही. बॅटरी वापरावी तर ती जड, आणि उतरली की संपलं.

इथे रॉबर्ट बॉश येतो. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्याने स्टुटगार्टला छोटंसं वर्कशॉप काढलं. टेलिफोन, विजेच्या घंटा, मिळेल ते काम. १८८७ साली एका गिऱ्हाइकाने विचारलं, ड्यूट्झच्या इंजिनावर असतं तसं ठिणगीचं यंत्र करून द्याल का? बॉशने शॉर्नडॉर्फला जाऊन ते पाहिलं, त्यावर पेटंट नाही याची खात्री करून घेतली आणि आपल्या पद्धतीने सुधारून बनवलं. हा त्याचा पहिला मॅग्नेटो. कायम चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचं वेटोळं हलवलं की त्यात वीज निर्माण होते, एवढंच तत्त्व. सुरुवातीचे मॅग्नेटो कमी दाबाचे होते. सिलिंडरच्या आत दोन टोकं एकमेकांपासून झटक्याने दूर करायची आणि तिथे ठिणगी पडायची. सावकाश चालणाऱ्या इंजिनाला ते चालायचं, वेगवान इंजिनाला झेपेना. १९०२ साली होनोल्डने त्याच आर्मेचरवर दुसरं, बारीक तारेचं वेटोळं गुंडाळलं, त्यातून हजारो व्होल्ट काढले आणि सोबत स्पार्क प्लग दिला. आता आत हलणारा एकही भाग नको. १९०६ साली एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला आणि त्याच वर्षी बॉशने कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला.

हे यंत्र किती महत्त्वाचं होतं ते १९१४ मध्ये जगाला कळलं. युद्ध सुरू झालं आणि ब्रिटनच्या लक्षात आलं की आपल्या विमानांच्या, ट्रकांच्या ठिणग्या तर स्टुटगार्टहून येतात. तिथल्या कारखानदारांना धावपळ करून मॅग्नेटोचा धंदा उभा करावा लागला. अमेरिकेने १९१८ मध्ये बॉशची तिथली कंपनीच शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली. मुठीएवढ्या यंत्रासाठी देश हवालदिल झाले होते.

दोन युद्धांच्या मधल्या काळात आणि नंतर जर्मनीत छोट्या इंजिनांचं पीक आलं. श्वाइनफुर्टचे फिख्टेल उंड झाक्स, पिनेबर्गचे इलो, साक्सनीतल्या त्शोपाउचे डीकेडब्ल्यू. पंप, मळणीयंत्र, करवत, वेल्डिंग, दळण, सगळ्याला ही इंजिनं. उन्हाळ्यात इथल्या खेडोपाडी जुन्या ट्रॅक्टरांचे मेळावे भरतात, तिथे एका कोपऱ्यात चार-दोन म्हातारे अशी इंजिनं मांडून बसलेले असतात. मी या नादाला लागलो तो तिथेच. दोन-स्ट्रोक झाक्स चालू करताना काठावरच्या आजोबांनी मला दोरी हातात दिली, आणि पुढचं काय सांगू! तोच निळा धूर, तोच वास. लहानपणी मामांच्या मळ्यावर सातारा जिल्ह्यात जो वास यायचा, अगदी तोच.

आता इकडचं टोक. आपल्याकडे विहिरीवर मोट होती. बैल पुढे-मागे, दिवसभर. तिची जागा आधी इंजिनाने घेतली आणि मग विजेच्या मोटारीने. मधला इंजिनाचा काळ महाराष्ट्रात साधारण ३०-४० वर्षांचा, पण त्याने गावं बदलली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली ती नांगरांसाठी. पुढे १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून डिझेल इंजिनं होत होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं आजही आदराने घेतली जातात. औपचारिक शिक्षण बेताचं, पण इंजिन उघडून, समजून घेऊन, तसंच दुसरं ओतायची हिंमत होती. पिठाच्या गिरणीचा पुकपुक आवाज ही या सगळ्यांची देणगी.

ही झाली डिझेलची मोठी इंजिनं. त्यांच्या सावलीत छोटी पेट्रोल इंजिनंही होती. काही विलायती, व्हिलियर्ससारखी. काही दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या 'डिस्पोजल' मालातली. नंतर १९८० च्या दशकात जपानी सहकार्याने भारतातच झालेले होंडा आणि यामाहाचे जनरेटर. होंडाने १९६५ साली ई-३०० नावाचा हँडल धरून उचलता येणारा जनरेटर काढला होता, त्याचीच ही पुढची पिढी. लग्नाचा मांडव, तमाशाचा फड, डॉक्टरांचा दवाखाना, झेरॉक्सचं दुकान... लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाजारपेठेत दुकानाबाहेर एक एक जनरेटर साखळीने बांधलेला असायचा.

यातली बरीच यंत्रं आपल्याकडे रॉकेलवर चालली. पेट्रोल महाग, रॉकेल रेशनवर स्वस्त. दोन खणांची टाकी. चमचाभर पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखतील. रॉकेल नीट उडत नाही, त्याचा न जळालेला भाग पिस्टनच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळतो. तेल पातळ होतं, बेअरिंग झिजतात. म्हणून आपल्याकडचं जुनं इंजिन उघडलं की त्यात हमखास दिसते ती झीज. रिबोअर केलेलं सिलिंडर, लेथवर करून बसवलेला बुश, दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर, सायकलची स्प्रिंग.

इथल्या कोठारात सापडलेलं इंजिन उघडलं की दिसतो गंज. आत सगळे भाग मूळचे, नंबर जुळणारे, पण ३०-४० वर्षं कुणी हात न लावल्याने पिस्टन चिकटलेला. थोडक्यात, जर्मन इंजिन बसून बिघडतं आणि आपलं राबून झिजतं. या एका फरकावर मी गेली काही वर्षं विचार करतोय, कारण दुरुस्ती कशी करायची हा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे.

तांत्रिक भाग आधी सांगून टाकतो, कुणाला हात काळे करायचे असतील तर उपयोगी पडेल. चिकटलेल्या पिस्टनवर हातोडा कधीच नाही. प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडायचं आणि आठवडे थांबायचं. टाकीतला गंज काढायला धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर पुरतो. उलट्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. आणि हे मोकळ्या हवेत करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. मॅग्नेटो मेला असेल तर दहांपैकी आठ वेळा दोष कंडेन्सरचा किंवा काळ्या पडलेल्या पॉइंटचा, हा माझा अनुभव. कधी जुना चुंबकच अशक्त झालेला असतो, तो पुन्हा भारून घेता येतो. जनरेटर फिरतोय पण वीज देत नाही, असं झालं तर त्याच्या गाभ्यातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असू शकतं. अशा वेळी फील्डच्या वेटोळ्याला क्षणभर बॅटरी दाखवली की बहुतेकदा तो पुन्हा जागा होतो. दोन ध्रुवांचा जनरेटर असेल तर ५० हर्ट्झसाठी फेरे ३०००, चार ध्रुवांचा असेल तर १५००. गव्हर्नर नीट लागल्याशिवाय त्यावर एकही महागडी वस्तू लावू नका. इथे २०११ पासून मिळणारं ई-१० पेट्रोल जुन्या रबराला आणि बुचाच्या तरंग्याला मानवत नाही. जुन्या गॅसकेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, जर्मनीत त्यावर १९९३ मध्येच बंदी आली, म्हणून ती सुकी खरवडू नका. आणि काही झालं तरी तळघरात इंजिन चालू करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता खरा प्रश्न. दुरुस्त म्हणजे किती दुरुस्त? इथल्या बऱ्याच मंडळींचा आदर्श सरळ आहे : कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवशी दिसत होतं तसं. मूळ रंगाचा नंबर शोधायचा, मूळ स्क्रू शोधायचे, नंतरचं सगळं काढून टाकायचं. मूळ भाग जागेवर असतील तर हे जमतंही. पण मामांच्या इंजिनाचं काय? त्यातला सायकलचा स्प्रिंग काढून अस्सल भाग बसवला, तर इंजिन अस्सल होईल, पण त्या गावच्या मेस्त्रीने ऐन हंगामात, सुटा भाग मिळत नसताना, ऊस वाळू नये म्हणून केलेली युक्ती पुसली जाईल. कारखान्याचा इतिहास कागदांत आहे. मेस्त्रीचा इतिहास फक्त त्या स्प्रिंगमध्ये आहे.

आणि जे कागदांत आहे तेही सगळंच कुणाला दाखवायचं असतं असं नाही. माझ्याकडे युद्धकाळातला एक छोटा डीकेडब्ल्यू संच आहे, वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करण्यासाठीचा. त्यावर लष्कराची पाटी आहे. मेळाव्यात एकाने सल्ला दिला, पाटी काढ, नवा रंग दे, उगाच लोकांच्या नजरेत येतं. दुसऱ्याने त्याच पाटीसाठी जास्त पैसे देऊ केले. मी दोन्ही केलं नाही. डीकेडब्ल्यू ज्या ऑटो युनियनचा भाग होती, तिच्याबद्दल २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एसएसने या कंपनीसाठी सात छळछावण्या उभ्या केल्या आणि ३,७०० हून अधिक कैद्यांना तिथे राबवलं, हे त्यात नोंदलं आहे. बॉशच्या कारखान्यांतही युद्धकाळात सुमारे २०,००० लोक सक्तीने राबवले गेले, हे कंपनीच्या स्वतःच्या इतिहासात लिहिलेलं आहे. त्याच बॉशने हिटलरविरोधी कटातल्या गोएर्डेलरला सल्लागार म्हणून आश्रय दिला होता, आणि कंपनीचे प्रमुख हान्स वाल्स यांना ज्यूंना मदत केल्याबद्दल १९६९ मध्ये इस्रायलने गौरवलं. या दोन्ही गोष्टी एकाच छपराखालच्या आहेत. एकीने दुसरी झाकायची नाही.

ती पाटी मी गंज थांबवून तशीच ठेवली आहे. शेजारी एक छोटा कागद लावलाय : कधी, कुठल्या कंपनीचं, आणि तिथे कोण राबलं. आमच्याकडे येणारी मुलं तो वाचतात, प्रश्न विचारतात. चकचकीत रंग दिला असता तर त्यांनी फक्त दोरी ओढून पाहिली असती. आता दोरीही ओढतात आणि प्रश्नही विचारतात.

म्हणजे नियम म्हणून माझ्यापुरता एवढाच : चालण्यासाठी जे बदलणं भाग आहे ते बदलायचं, काढलेला भाग नाव लिहून डब्यात ठेवायचा, आणि ज्याच्यावर माणसाची खूण आहे ती पुसायची नाही. मग ती खूण अभिमानाची असो की लाजेची.

शेवटी नाशिक. बॉशशी जोडलेली मायको ही कंपनी १९५१ साली बंगळूरला निघाली आणि पुढे तिचा कारखाना नाशिकला सातपूरला आला. डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल करणारा. २००८ मध्ये कंपनीचं नाव अधिकृतपणे बॉश झालं, पण नाशिककर चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतात. आपल्यातले किती तरी जण त्या वाटेने किंवा तशाच वाटांनी इथे आले. आपले वडील, काका फिटर होते, टर्नर होते, सुपरवायझर होते. त्यांच्या हातांना जे कळत होतं ते कुठल्याही पुस्तकात नाही. इथे त्याच वयाचा जर्मन फिटर मेळाव्यात खुर्ची टाकून बसतो आणि पोरं त्याला विचारतात. आपल्याकडचा फिटर गॅलरीत पेपर वाचत बसलेला असतो आणि त्याला कुणीच काही विचारत नाही. मला या सगळ्यात सर्वात जास्त टोचतं ते हे.

तेव्हा एक विनंती. पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा गोठ्यामागे, माळ्यावर, बंद पडलेल्या विहिरीच्या खोलीत एकदा डोकावून बघा. इंजिन असेल तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी पाटीचा, नंबराचा फोटो काढा. शक्य असेल तर झाकून ठेवा, शाळेला किंवा आयटीआयला विचारा. आणि इंजिन नसेल, तरी ते चालवणारं माणूस घरात असेल. कसं चालू करायचात, रॉकेलवर केव्हा घ्यायचात, कोण मेस्त्री यायचा, काय बोलायचा, हे त्यांना विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. लोखंड गंजलं तरी पन्नास वर्षं टिकतं. त्या माणसांकडे एवढा वेळ नाही.

कुणाकडे असं काही निघालं तर जरूर लिहा. मॅग्नेटोबद्दल शंका असतील तर माझ्या परीने मदत करेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गेर्लिंगेनचा एक भंगारवाला